डावीकडचा झिलकरी

१

दुपारची भांडी उपडी घातली की पंकजानं हॉलमध्ये यायचं, सोफ्यावर बरोबर मधोमध बसायचं आणि अण्णांना सांगायचं, आवाज कुठून येतोय. सासरी काय काय करावं लागेल याची तिनं लग्नाआधी मनाशी बरीच तयारी केली होती. पाहुणे, पापड, सासूबाईंच्या मैत्रिणींसमोर डोक्यावरून घसरणारा पदर. सासऱ्यासाठी कान देऊन बसावं लागेल, हे मात्र माहेरी, अकोले तालुक्यात, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पाथर्डीला गेल्या होत्या. नवरा, अजिनाथ, सकाळी डबा घेऊन एमआयडीसीत जायचा तो दिवेलागणीलाच उगवायचा. सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर दोघंच: नवी सून आणि सासरे रंगनाथअण्णा. अण्णा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण हात काही रिटायर झाले नव्हते. घरचा मिक्सर, गीझर आणि शेजाऱ्यांची इस्त्री उघडून पुन्हा बंद करून झाल्यावर त्यांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेयर खाली काढला.

पंकजाच्या मते प्लेयर छान वाजत होता. अण्णांचं समाधान होईना.

"समदा आवाज उजवीकडंच पळतोय," ते म्हणायचे. "डाव्या स्पीकरच्या डब्यात जीवच न्हाई."

दोष त्यांच्या मते प्लेयरच्या हाताचा होता. टोकाला सुई असलेला, काडीसारखा धातूचा हात. मागं त्याला एक फिरवायचं वजन. ते पुढं-मागं करून हात तराजूच्या दांडीसारखा अधांतरी ठेवायचा, मग सुईवर हवा तेवढाच भार द्यायचा. शिवाय तबकडी फिरायला लागली की हात आपसूक आत, मधल्या खिळ्याकडं ओढला जातो. त्याला बाहेर धरून ठेवायला दोऱ्यावर एक इवलंसं वजन टांगलेलं. ही ओढाताण बरोबरीत आली नाही, तर सुई खाचेच्या एकाच भिंतीला रेलते आणि एका बाजूचा आवाज मरतो. अण्णांनी हे सगळं तिला एकदाच सांगितलं आणि तिला एकदाच कळलं, यावरच अण्णा निम्मे खूश झाले.

"तुझे कान कोवळे हायेत. तू सांगायचं, मी फिरवायचं."

परीक्षेची तबकडी ठरलेली होती. बहात्तरच्या दुष्काळावरचा पोवाडा. शाहीर कारभारी पुढं, मागं झील धरणारे तिघं. त्या तिघांत स्वतः अण्णा, विशीतले.

"ही जुन्या पद्धतीची," अण्णा म्हणाले. "पुण्याला एका खोलीत एकच माईक हुता, चौघांत एक. हिच्यात डावं-उजवं काय न्हाईच. दोन्ही डब्यांतून अगदी एकच आवाज निघतो. म्हंजी हात बरोबर बसला असंल तर सगळं कसं, तुझ्या नाकासमोर आलं पायजे. दोन डब्यांच्या मधी, जिथं काहीच न्हाई तिथं."

आणि खरंच तसं झालं. सुई टेकली आणि दोन स्पीकरांच्या मध्ये, टीव्हीच्या वर, रिकाम्या भिंतीपाशी एक शाहीर उभा राहिला. दिसत नव्हता एवढंच. पंकजाला हसू आलं. मग झील आली, 'जी रं जी जी', त्याच्या खांद्यामागून. तिघांचे आवाज एकात एक मिसळलेले.

आणि त्यांच्या मागोमाग, अर्धी मात्रा उशिरा, आणखी एक. जाड, रापलेला. तो डावीकडून आला.

"कुठून येतंय?" अण्णांनी विचारलं.

"मधूनच," पंकजा म्हणाली. "पण एक जण डावीकडं आहे."

अण्णांनी वर पाहिलं. "डावीकडं कसा आसंल? ह्याच्यात डावीकड न्हाईच."

२

पंकजा बोलायला कमी, पण एखादी गोष्ट मनात रुतली की सोडायची नाही. शाळेत असताना भिंगरी एकाच दिशेला का कलते हे बघत तिनं एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली होती. इथं तर खाद्य चांगलंच मिळालं.

पहिला संशय कानावर. न्हाताना पाणी गेलं असेल. तिनं कान झटकले, जांभई दिली. आवाज तिथंच.

दुसरा संशय वायरींवर. अण्णा दूध आणायला खाली उतरले तेव्हा तिनं स्पीकरांच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला. म्हणजे दोष मशीनमध्ये असेल तर आवाज आता उजवीकडं जायला हवा. शाहीर जागचा हलला नाही, ते ठीकच. पण उशिराची झीलही हलली नाही.

मग तिनं डाव्या स्पीकरची वायरच उपसली. शाहीर आणि त्याचे तिघं झिलकरी मुकाट्यानं उजव्या डब्यात जाऊन बसले.

'जी रं जी जी.'

आणि डावीकडून, मुक्या स्पीकरच्या बाजूनं, अर्धी मात्रा उशिरा, एकटाच: 'जी रं जी जी.'

पंकजानं उपसलेली वायर खाली ठेवली. पण भीतीच्या आधी कुतूहल पोचलं. ती सोफ्यावर उलटी बसली, पाठ भिंतीकडं, तोंड मागच्या दाराकडं. दोष कानाचा असेल तर आवाज आताही डावीकडूनच येईल. कान तर तिच्याबरोबरच वळले होते. आवाज उजवीकडून आला. म्हणजे तो तिच्या कानात नव्हता, मशीनमध्येही नव्हता. तो खोलीत होता. एका जागी.

ती जागा तिनं हळूच वळून पाहिली. अण्णांनी आवाज नीट पसरावा म्हणून बाल्कनीच्या दाराजवळचं कपाट आत हलवलं होतं. फरशीवर कपाटाच्या पायांचे चार पांढुरके डाग होते. बाकी तिथं ऊन होतं.

अण्णा दूध घेऊन आले तेव्हा वायरी पुन्हा जागच्या जागी होत्या.

"अण्णा, तुमच्या मागं... म्हणजे शाहिरांच्या मागं किती जण होते?"

"तिघं. मी, वाल्मिक आन् हनुमंत."

"चौथं कुणी नव्हतं? उगाच बघायला आलेलं, दारात उभं राहिलेलं?"

"दाराला आतून कडी घालत्यात बाई रेकॉर्डिंगच्या टायमाला. पंख्याचासुदिक आवाज चालत न्हाई." ते हसले. "का? चौथ्याला च्या टाकायचाय का?"

पंकजानंही हसून घेतलं. नव्या सुनेनं सासरी काहीबाही ऐकू येतं म्हणून सांगितलं की पुढं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मामेबहिणीला असंच एकदा सावली दिसली होती. तेव्हापासून ती चुलीपाशी जरा गप्प बसली तरी सासरचे लोक लिंबं कापायला घेत.

३

अण्णांनी गल्लीतल्या सोनाराकडून तळहाताएवढा वजनकाटा मागून आणला. त्यावर सुईचा भार तोलला. दोऱ्याचं वजन या खाचेतून त्या खाचेत टांगलं. पंकजा सोफ्यावर, अण्णा फरशीवर मांडी घालून. हात टेकवायचा, ऐकायचं, उचलायचा, फिरवायचं, पुन्हा टेकवायचा.

"आता?"

"अजून डावीकडं आहे एक."

"आता?"

"आहे."

प्रत्येक वेळी उठताना अण्णा टेबलाची कड धरायचे आणि त्यांच्या गुडघ्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज यायचा. त्यांना मशीन हरवत होतं. वर्कशॉपात ट्रकची इंजिनं ताळ्यावर आणणाऱ्या माणसाला एवढीशी काडी दाद देत नव्हती. त्या दिवशी तर त्यांच्या बोटातून दोरा निसटला आणि ते निसटलेल्या दोऱ्याकडं नुसते बघत राहिले. म्हाताऱ्या माणसानं असं बघितलेलं पंकजाला बघवेना.

ते पुन्हा बसले. पुन्हा हात टेकवला. शाहीर, तिघं आणि मग बाल्कनीच्या दारापाशी तो.

"आता तरी?"

"हो अण्णा," पंकजा म्हणाली. "आता आलं. सगळं मधोमध."

सून म्हणून जशी ती तिखट आमटीला छान म्हणायची, तसंच म्हणाली. यात तिला पाप वाटलं नाही. मोठ्या माणसाच्या मनासारखं एक वाक्य, त्यानं कुणाचं काय बिघडतं?

"सगळं?"

"सगळं."

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी मागच्या वजनावर नखानं बारीक खूण केली. "बास. आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. आजपास्नं मीपण बसून ऐकणार."

४

रविवारी अजिनाथ घरी होता. अण्णांनी त्याला मुद्दाम ऐकवलं.

"चांगलं वाजतंय की," मोबाईलमधून डोकं न काढता अजिनाथ म्हणाला.

"डावीकडं काही ऐकू येतं का हो?" पंकजानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"डावीकडं तुझा कुकर ऐकू येतोय. तिसरी झाली, बंद कर."

म्हणजे त्याला ऐकू येत नव्हतं. की ऐकू येत असून ते रेकॉर्डमधलंच वाटत होतं? पंकजानं गॅस बंद केला आणि चहा घेऊन बाहेर आली. अण्णा सोफ्यावर मधोमध बसले होते. ती त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिली. "अण्णा, चहा." ते हलले नाहीत. ती जरा मोठ्यानं म्हणाली. नाहीच. मग ती उजवीकडून गेली आणि हळूच म्हणाली, "चहा."

"आण की," अण्णा लगेच म्हणाले.

पंकजाच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. समदा आवाज उजवीकडंच पळतोय. डाव्या डब्यात जीव न्हाई. मशीन पहिल्या दिवसापासून ठीक होतं. अण्णांचा डावा कान गेला होता; इतकी वर्षं इंजिनांपाशी उभं राहून गेला असेल. आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं. बहुतेक अण्णांना स्वतःलाही ते मान्य करायचं नव्हतं, म्हणून तर ते गुडघे मोडून त्या काडीच्या मागं लागले होते.

तिला त्यांची फार माया आली. याच मायेत तिला दुसरी गोष्ट कळायला दोन दिवस उशीर झाला.

झील आता कपाटाच्या डागांपाशी नव्हती. ती अलीकडं आली होती. पहिल्यांदा तिला भास वाटला. पण दुसऱ्या दिवशी ती टीपॉयच्या कोपऱ्यापाशी होती आणि उंचीनंही खाली, माणूस वाकून चालत असावा तशी. पोवाडा संपून अण्णांनी सुई उचलली की ती जिथवर आलेली असेल तिथंच राहायची. दुसऱ्या दुपारी तिथूनच सुरू व्हायची. मागं कधीच जायची नाही.

टीपॉयपासून सोफ्यापर्यंत किती अंतर आहे, हे पंकजानं केर काढताना नुसतं नजरेनं पाहिलं. आणि केरसुणी तिच्या हातात तशीच राहिली.

तिनं सांगितलं होतं, सगळं मधोमध आलं. आलेलं नव्हतं. आता ते यायला निघालं होतं. आणि मधोमध अण्णा बसत होते.

५

"अण्णा, मी खोटं बोलले होते."

अण्णा तबकडी पुसत होते. मऊ फडक्यानं, गोल गोल. पंकजा त्यांच्या उजव्या हाताला खाली फरशीवर बसली होती, त्यांना ऐकू यावं म्हणून.

"मधोमध नव्हतं आलं. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून मी तसं म्हटलं. डावीकडं एक जण होता, अजून आहे. आणि तो जवळ येतोय." एका दमात बोलून टाकलं. "मला वेडी म्हणा, आईंना फोन करा, पण आज रेकॉर्ड लावू नका. आधी तो हात नीट बसवू. मी खरं सांगेन, कितीही वेळ लागला तरी."

तिला वाटलं होतं, ते हसतील किंवा चिडतील. अण्णांचं फडकं तेवढं थांबलं.

"तुला म्हाईत झालंय," ते म्हणाले. "माझ्या कानाचं."

"हो."

"अजिनाथला सांगू नको. लगीच यंत्र आणंल कानात घालायला." मग खालच्या आवाजात: "लई वर्सं झाली पोरी. डाव्या अंगाला जगच न्हाई. रस्त्यानं चाललो तरी अर्धा रस्ता मुका. न्हाव्यानं ह्या बाजूला कात्री चालवली तरी मला नुसतं गार लागतं." त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. "आन् आता चार दुपारी झाल्या, मला हिकडनं ऐकू येतंय."

पंकजानं त्या कानाकडं पाहिलं.

"शाहीर न्हाई. आमी तिघं न्हाई. ते समदे उजवीकडं. हिकडनं फक्त योकच. मी पैल्यांदा रडलो, खरं सांगतो. म्हणलं, कान आला."

"कोण आहे तो, अण्णा?"

"मला काय ठावं? आमच्यात नव्हता तो." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच पंकजाला सोसेना. भूक लागलेल्या माणसाला ताटाचा वास आल्यावर दिसतो तसा चेहरा होता. "पर झील चांगली धरतो. जरा मागं ऱ्हातो, एवढंच. म्हणून मी बी त्याच्यासाठी थांबतो."

"थांबता म्हणजे?"

"म्हंजी मनात म्हणताना. त्याचं आल्यावर म्हणतो."

बाल्कनीत कपडे वाळत होते. खाली भंगारवाला ओरडत गेला. पंकजानं त्यांच्या हातातून तबकडी घ्यायला हात पुढं केला, पण अण्णांनी ती छातीशी धरली. हळूच, लहान मूल धरावं तशी.

"आज योकदा," ते म्हणाले. सासऱ्यानं सुनेकडं असं काही मागायचं नसतं. तेही त्यांना कळत होतं. "योकदाच ऐकू दे. मग तू म्हणशील तसा हात बसवू. न्हाईतर काढून ठिवू. तुझी आन."

नाही म्हणणं तिला जमलं असतं. नंतर तिला नेहमी वाटत राहिलं, की जमलं असतं.

६

सुई पंकजानं टेकवली. अण्णा सोफ्यावर बसले, हात मांडीवर, डोळे मिटून.

शाहीर आला. भिंतीपाशी उभा राहून त्यानं पाण्याचा, आटलेल्या विहिरींचा, खडी फोडायला गेलेल्या बायांचा पोवाडा सुरू केला. पंकजा प्लेयरपाशीच उकिडवी बसली होती, बोट हाताच्या दांडीखाली, उचलायच्या तयारीत.

पहिली झील. 'जी रं जी जी.' आणि टीपॉयच्या अलीकडून, अगदी खालून, तो.

दुसरी झील. तो सोफ्याच्या कडेला होता.

अण्णांनी डोळे न उघडता मान डावीकडं कलती केली आणि मग अंग उचलून ते जरा उजवीकडं सरकले. एसटीत शेजारी कुणी आलं की आपण सरकतो, तसे. सोफ्यावर त्यांच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा झाली. रेक्झिनवर त्यांच्या बसण्यानं पडलेल्या सुरकुत्या हळूहळू सपाट होत होत्या. मग त्या मध्येच थांबल्या. मग पुन्हा पडू लागल्या.

पंकजाचं बोट दांडीला लागलं. उचलावं. आत्ता. पण उचलली तर ते जिथवर आलं होतं तिथंच राहणार होतं. अण्णांच्या शेजारी, त्या जागेत. उद्या तिथूनच पुढं. आणि पुढं आता अण्णाच होते.

ती उठली. आजवर ती सोफ्यावर अण्णांच्या शेजारी कधी बसली नव्हती. सासऱ्याच्या बरोबरीनं सून बसत नाही, एवढं अकोल्याच्या डोंगरातही कळतं. ती सरळ चालत गेली आणि त्या जागेत बसली. दाबून, सगळं अंग टाकून, गच्च भरलेल्या जीपमध्ये जागा धरावी तशी.

जागा गरम होती.

तिनं ओठ घट्ट मिटले. शाहिरानं ओळ वर नेली, आणि वरून सोडली. भिंतीपाशी तिघांनी झील उचलली, त्यांतला एक विशीतला आवाज अण्णांचा. अर्धी मात्रा गेली.

"आला," अण्णा पुटपुटले. त्यांचा डावा कान तिच्या खांद्यापासून वीतभर होता आणि चेहऱ्यावर हसू पसरत होतं.

पंकजानं गळ्याला हात लावला. ओठ मिटलेलेच होते, पण गळा आतून थरथरत होता, जाड आवाजात झील धरताना थरथरावा तसा.